वन्संची वेगळी ताटली

वन्सं गेल्या त्याच्या आदल्या दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने पेज खाल्ली. न्यूमोनियाने महिनाभर पिळून काढल्यावर हॉस्पिटलमधून घरी येऊन त्यांना चार दिवस झाले होते, आणि चमचा नीट धरता येतोय एवढ्यावरही मी खूश होते. तीन-चार घास झाल्यावर त्या थांबल्या. चमचा भरला आणि माझ्यापुढे धरला. ‘‘मीठ बरोबर आसा काय, बघ गो,’’ म्हणाल्या. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, दुसरा चमचा घेतला, पातेल्यातली पेज चाखली आणि आतूनच ओरडून सांगितलं, ‘‘बरोबर आहे हो!’’ बाहेर आले तेव्हा तो भरलेला चमचा त्यांनी वाटीत परत ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, हाक मारली... त्या गेल्या होत्या. याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे विचारतात, शेवटचं काही बोलल्या का? मी सांगते, मिठाबद्दल बोलल्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, सुलभा. हल्ली नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही, पण लग्न होऊन मी घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा सासूबाईंनी म्हणायला लावलं आणि तेच तोंडात बसलं. त्यांनी लग्न केलं नाही. भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. कारखान्याला टाळं लागलं त्याच सुमारास आम्ही मुलुंडला राहायला आलो आणि सईचा जन्म झाला. माझी बँकेची नोकरी, ह्यांची फिरतीची. सईला खऱ्या अर्थाने वाढवलं ते तिच्या आत्यानेच. मी संध्याकाळी दमून घरी यायचे तेव्हा मुलगी न्हाऊनमाखून, जेवून, आत्याच्या मांडीवर पेंगत असायची. मला बरंही वाटायचं आणि पोटात थोडं दुखायचंही. ते दुखणं मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण पुढे जे झालं त्यात त्याचाही हात होता असं आता वाटतं.

आमचं घर मालवणकडचं, त्यामुळे दात आल्या आल्या पोरीला मासा सुरू झाला. बांगडा, पेडवे, काट्यांनी भरलेले मासे. वन्संची काटे काढायची एक रीत होती. आधी बोटांनी मासा सोडवायचा, मग तो तुकडा स्वतःच्या तोंडात घालायचा, जिभेने चाचपायचा, उरलासुरला काटा ओठांवर आणून काढून टाकायचा आणि मगच तो घास सईच्या तोंडात. त्यांच्या आईने त्यांना असंच भरवलं होतं, आजीने आईला. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, ‘‘डोळे चुकतत गो, जीभ चुकणा नाय.’’ आणि खरंच, सात वर्षांत सईच्या घशात एकदाही काटा गेला नाही.

सातव्या वर्षी सईच्या मानेत गाठ आली. दुखत नव्हती, त्यामुळे आधी आम्ही दुर्लक्षच केलं. मग बारीक ताप, रात्री घामाने भिजलेला फ्रॉक, वजन उतरलेलं. कुणी टीबी म्हणालं. शेवटी गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि लिम्फोमा निघाला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टर बाई शांत होत्या. म्हणाल्या, मुलांमध्ये हा बरा होण्याची आशा चांगली असते, उपचार लगेच सुरू करू. आणि मग सांगितलं की गाठीच्या पेशींमध्ये ईबीव्ही नावाच्या विषाणूच्या खुणा सापडल्यात, काही मुलांत या आजाराशी त्याचा संबंध दिसतो. मी विचारलं, हा येतो कुठून? त्या म्हणाल्या, ‘‘बहुतेक वेळा लाळेतून.’’ पुढेही त्या बऱ्याच बोलत होत्या. पण माझे कान ‘लाळ’ या शब्दाशीच बंद झाले. मला बांगड्याचा तुकडा दिसत होता आणि वन्संचे ओठ.

घरी आले तेव्हा वन्सं गॅसपाशी उभ्या होत्या, सईसाठी शिरा भाजत होत्या. चप्पलही न काढता मी म्हणाले, ‘‘तुमच्या तोंडातले घास खाऊन झालंय हे तिला. तुमच्यामुळे.’’ उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं. वन्संनी गॅस बंद केला. उलथनं खाली ठेवलं. इतकंच. उलट बोलल्या असत्या तर मी रडून मोकळी तरी झाले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून एक ताटली, एक वाटी आणि एक पेला आणला. सगळं स्टीलचंच, पण कडेला ठिपक्यांची नक्षी असलेलं, म्हणजे आमच्यात मिसळायला नको. तो संच त्या स्वतः घासायच्या आणि वेगळ्या फळीवर पालथा घालायच्या. केमो सुरू झाली, सईला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून घरात सगळंच उकळून, गाळून, वेगळं चाललं होतं, त्यामुळे त्या ताटलीचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. खरं सांगायचं तर मला ते बरोबरच वाटलं.

त्या सगळ्या महिन्यांत प्रत्येक खेपेला हॉस्पिटलात सईबरोबर वन्संच असायच्या. तोंडावर रुमाल घट्ट बांधून, पलंगापासून हातभर लांब स्टूल ओढून बसायच्या. सई ‘‘जवळ ये ना आत्या’’ म्हणायची आणि त्या लांबूनच गोष्ट सांगायच्या. सई बरी झाली. केस आले, शाळा सुरू झाली. वर्षभराने तपासणीला गेलो असताना मीच डॉक्टर बाईंना धीर करून विचारलं, नणंदेच्या उष्ट्याने झालं का हो हे? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘अहो, मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. हा विषाणू तुमच्यातही असेल, माझ्यातही आहे. लहानपणी कुणाकडून तरी जवळपास प्रत्येकाला तो मिळतोच. तुम्ही मुलीच्या पाप्या घेतल्या असतील ना? लाखो मुलांना काही होत नाही, एखाद्याच मुलात असं का होतं ते आम्हालाही पूर्ण ठाऊक नाही. यात कुणाचा दोष नसतो.’’

घरी येऊन मी सांगितलं, रिपोर्ट छान आहेत. वन्संनी देवापुढे साखर ठेवली. बाकीचं मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं... मग परवा. दोष कुणाचाच नाही हे मान्य केलं असतं तर ते वर्षभराचं भय मी ठेवणार कुठे होते? त्याला एक जागा हवी होती आणि वन्सं घरातच होत्या. आणि पाप्यांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त मीच घेतल्या होत्या. पुढे तर विषय काढायचीच लाज वाटू लागली. अशी सोळा-सतरा वर्षं गेली.

त्या तपासणीनंतर सई आजारापासून पहिल्यांदाच बांगडा खायला बसली तो दिवस आठवतो. वन्संनी तीनदा साबणाने हात धुतले, चष्मा लावला, खिडकीच्या उजेडात बसून बोटांनी काटे वेचले. तरी एक राहिलाच. सई खोकून खोकून लाल झाली, भाताचा गोळा गिळल्यावर काटा उतरला. मग म्हणाली, ‘‘तू पूर्वी काढायचीस तसा काढ ना, तोंडात घालून.’’ वन्सं म्हणाल्या, ‘‘आता तू मोठी झालंस, बाय.’’ आणि उठून गॅलरीत गेल्या. मी तिथेच ताट पुढ्यात घेऊन बसले होते. तेव्हा तरी बोलायचं होतं मी.

सई आता पंचवीस वर्षांची आहे, गोरेगावला नोकरी करते. तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी वन्संचं कपाट आवरत होतो. नंतर स्वयंपाकघरात मी ती ताटली-वाटी जुन्या भांड्यांत टाकायला काढली आणि हातातच धरून बसले. सईला सगळं सांगून टाकलं, अगदी चप्पलही काढली नव्हती इथपासून. वाटलं, आता पोरगी मला फाडून खाईल. ती म्हणाली, ‘‘माहितीये मला. म्हणजे तू बोललीस ते नव्हतं माहीत, पण ताटलीचं कळलं होतं. कॉलेजात असताना माझी फाईल वाचली ना, तेव्हाच आत्याला जाऊन सांगितलं होतं की हा व्हायरस सगळ्यांकडे असतो, आईकडेपण असेल, तू उगाच काय वेगळं खातेस यार.’’

‘‘मग? काय म्हणाल्या?’’

‘‘हसली. म्हणाली, तुझ्या आईने एकदा मला हे सांगितलं ना, की तुझ्याच ताटात जेवते.’’

म्हणजे त्यांना माहीत होतं. कित्येक वर्षं माहीत होतं, आणि रोज जेवून उठल्यावर त्या आपली ताटली वेगळी घासत होत्या, माझ्या एका वाक्याची वाट बघत. मी रोज समोर बसून जेवत होते.

ताटली मी टाकली नाही. आता तिच्यात मीच जेवते; सई सुट्टीला घरी असली की ती माझ्या पुढ्यातला घास उचलते, मुद्दाम. परवा पेज केली, त्याच वाटीत घेतली, चमचा भरला आणि तोंडाशी नेता नेता हात थांबला. मीठ बरोबर होतं. त्या दुपारीही बरोबरच होतं आणि मी तसं आतून ओरडून सांगितलंही होतं... पण वन्संनी मिठाचं विचारलंच नव्हतं.