जन्माआधी बाप्तिस्मा झालेले बिशपसाहेब

तोंडावर त्यांना सगळे बिशपसाहेब म्हणायचे. पाठ वळली की ‘तंतोतंत’. नाव त्यांनी स्वतःच कमावलेलं. टपाल वाटणाऱ्याचा हा मुलगा प्रवचनाला उभा राहिला की आधी मनगटावरचं घड्याळ काढून पुस्तकाशेजारी ठेवायचा आणि बाराव्या मिनिटाला आमेन म्हणायचा, मग सैतान अर्धवट हरलेला का असेना.

तरुणपणी डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचे मदतनीस, असताना त्यांनी एक मोठं काम केलं. चर्चचं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. ते त्यांनी आठ महिने बसून, पानापानाने, मोत्यासारख्या अक्षरात नवीन वहीत उतरवलं. वरिष्ठ खूश झाले. पुढे पाळक झाले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारीशी लग्न झालं. बिशपची निवडणूक आली तेव्हा दोन मातब्बर पाळक असे भांडले, की दोन मांजरांच्या भांडणात लोण्याचा गोळा माकडाला मिळाला. जांभळा झगा, उंच टोपी, हातात दंड. माकडाला शोभला, हे मात्र मान्य करायला हवं.

नियम असा, की वयाची पासष्ट पूर्ण झाली की खुर्चीवरून उठायचं. गेल्याच वर्षी एका म्हाताऱ्या पाळकांनी गयावया केली, “पंधरा दिवस द्या. नातीचं लग्न लावतो आणि जातो.”

“रजिस्टर म्हणजे रजिस्टर,” साहेब म्हणाले. नातीचं लग्न दुसऱ्याने लावलं. आजोबा मागच्या बाकावर बसले.

खुर्चीला दहा वर्षं झाली म्हणून साहेबांनी आपल्या जीवनाची पुस्तिका काढायला सांगितलं, सगळे दाखले जोडून. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या टायपिस्ट बाई रजिस्टर पोटाशी धरून आत आल्या.

“साहेब, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचारा.”

“शाळेच्या दाखल्यावर तुमची जन्मतारीख आहे. पण तुमचा बाप्तिस्मा त्याच्या बावीस महिने आधी झालाय. असं कसं?”

असं कसं, ते साहेबांना पक्कं माहीत होतं. शाळेत घालताना वडिलांनी वयातली दोन वर्षं खाल्ली होती, जशी कितीतरी बाप खातात. “उतरवणाऱ्याची चूक असेल,” ते म्हणाले.

“अक्षर तुमचंच आहे साहेब. ‘वय दोन महिने’ असंही लिहिलंय.”

म्हणजे साहेब पासष्ट ओलांडून बसले होते. आणि दाखल्याप्रमाणे अजून आठ महिने बसणार होते, तेवढ्यात घंटेच्या नव्या मनोऱ्याचं उद्घाटन होऊन दगडावर त्यांचं नाव कोरलं जाणार होतं. “कुणाला बोलू नका,” असं सांगून ते रजिस्टर काखेत मारून घरी गेले.

बायकोने ते पान पाहिलं. “कापायचं असेल तर कात्री शिवणाच्या डब्यात आहे.”

“अगं, या पानावर आणखी सात पोरं आहेत!”

“मग? त्यांचा स्वर्ग काय पानाला चिकटवलाय?”

“एक आपला न्हावी आहे.”

“तो तुमचे केस कुठे तंतोतंत कापतो?” ती म्हणाली आणि कात्री आणून टेबलावर ठेवली.

साहेबांनी कात्री उचलली. पानाकडे बघत बसले. काय अक्षर होतं! आठ महिन्यांत एक खाडाखोड नाही. आयुष्यात एवढं सरळ काम त्यांनी पुन्हा केलं नव्हतं, बिशप होऊनही. कात्री ठेवली, कागद ओढला आणि त्याच अक्षरात राजीनामा लिहिला.

“घर महिनाभरात सोडावं लागेल,” ते म्हणाले.

“सोडू. पण ते जड कपाट जिन्यावरून तुम्ही उतरवायचं. मी फक्त दार धरेन.”

दुसऱ्या दिवशी झगा न घालता साहेब त्या म्हाताऱ्या पाळकांच्या दारात उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

पाळक ऐकत राहिले. मग म्हणाले, “मी पंधरा दिवस मागितले होते.”

“हो.”

“आणि तुम्ही वर्षभर जास्त बसलात.”

“सोळा महिने,” साहेबांनी खाली मान घालून दुरुस्ती केली.

पाळकांनी दार पुरतं उघडलं. माफ केलं म्हणाले नाहीत.

“आत या,” ते म्हणाले. “आता दोघेही रिकामटेकडेच.”