मंगळवारची सही

माझी मावशी लिफ्ट तपासायची. कंपनीत तिला सगळे ‘ब्रेकबाई’ म्हणत. लिफ्टमध्ये वाळूच्या गोण्या भरायच्या, ब्रेक लावून बघायचा, कान लोखंडाला टेकवायचा आणि मगच प्रमाणपत्रावर सही करायची. सतरा वर्षं हेच.

पुढे साहेब न तपासलेल्या लिफ्टांची प्रमाणपत्रं तिच्यापुढे सरकवू लागले. तिनं सही केली नाही. सरकारी निरीक्षकांना पत्र लिहिलं.

तिला कुणी काढलं नाही, कुणी रागावलंही नाही. तळमजल्यावर एक खोली दिली. टेबल, खुर्ची, काम काहीच नाही. जाणारे-येणारे तिच्या आरपार भिंतीकडे बघत.

“बसून पगार! नशीब काढलंस,” काका म्हणाले.

दोन महिन्यांनी ती दात दाखवायला गेली. दवाखाना सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये काचेखाली प्रमाणपत्र होतं आणि त्यावर तिची सही. शेवटच्या अक्षराची खाली ओढलेली शेपटी, पुढे दोन टिंबं. तारीख गेल्या मंगळवारची. मंगळवारी तर ती दिवसभर त्या खोलीत बसून होती.

ती समोरच्या इमारतीत शिरली. तीच सही, तोच मंगळवार. त्याच्या पुढच्या इमारतीतही.

घरी तिनं कागदावर सही करून पाहिली. शेपटी वाकडी गेली, टिंबं चुकली. तिची स्वतःचीच सही खोटी वाटली.

“तूच केली असशील गं. विसरली असशील,” काका म्हणाले.

“अहो, मंगळवारी मी तिथं पाऊलसुद्धा टाकलं नाही!”

“मग उद्या एखादी कोसळली तर तुरुंगात कोण जाणार?”

“मी. पण लिफ्टमधली माणसं?”

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

निरीक्षकांचं उत्तर आलं: ‘सर्व लिफ्ट आपणच सुरक्षित ठरवल्या आहेत. तक्रार आपल्याविरुद्धच समजावी काय?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दवाखान्याच्या इमारतीत गेली आणि लिफ्टच्या उंबऱ्यात बसली. वर जाणाऱ्यांची रांग लागली.

“अहो बाई, उठा की! मुहूर्त बघताय काय?”

“लिफ्ट तपासलेली नाही. ही सही माझी नाही.” तिनं ओळखपत्र दाखवलं.

एकानं ते प्रमाणपत्राच्या काचेशी धरून पाहिलं. “नाव तुमचंच, सही तुमचीच. तुम्हीच पास केलीत, मग भीती कसली?”

सगळे हसले. मग एकेक पाय तिला ओलांडून आत जाऊ लागला. दार तिच्या खांद्यावर आदळायचं, उघडायचं, पुन्हा आदळायचं. लिफ्ट जागची हलली नव्हती. तरी आतले सहाजण वरच्या आकड्यांकडे बघत शांत उभे होते, जणू ती केव्हाची वर निघालीय.

मावशीनं दोन्ही हातांनी चौकट धरली.