चार ओळी की पाच

नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं नाही, हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नसे. सरळ घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, एवढं कारण पुरे होतं. उखाण्यात गुंडाळून घेतलं तर चालायचं; उखाण्यातलं नाव यमाला ऐकू जात नाही, असं माझी आई म्हणायची. मी वाईची, सातवी पास, चार बुकं शिकलेली. तरी सासरी आल्यावर माझीही जीभ 'अहो'च्या पुढे कधी गेली नाही. इथेही मी कुणाचं नाव लिहिणार नाही. सवय म्हणा हवं तर.

सासर कृष्णाकाठचं, साताऱ्याहून सांगलीकडे जाताना लागणारं उसाचं गाव. स्वराज्य येऊन दोन वर्षं होत आली होती. एका दुपारी शाळेचे गुरुजी मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे आले. सरकार मतदारांची यादी करत होतं. एकवीस वर्षांवरचं झाडून सगळं माणूस, बाई असो की गडी, यादीत यायचं होतं. गुरुजींची अडचण अशी, की बायका नाव सांगेनात. दाराआडून म्हणायच्या, अमक्याची आई लिवा की. गुरुजींनी तसं लिहिलं, तर तालुक्याहून कागद परत आले: असली नावं चालणार नाहीत, खोडली जातील. तेव्हा शिकलेल्या सुनेला या कामाला द्या, असं त्यांचं मागणं होतं. मामंजींनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, जाऊ दे, पण पदर ढळता कामा नये. पदर ढळला नाही. तो सांभाळताना दौत दोनदा सांडली, ते मी घरी सांगितलं नाही.

पंधरा दिवस मी दारोदार हिंडले. घरात नाही सापडल्या त्या बायकांना गुऱ्हाळावर गाठलं, नदीवर धुणं आपटताना गाठलं. स्वतःचं नाव विचारलं की आधी हसायच्या. एका म्हातारीला आपलं नाव आठवायलाच वेळ लागला. लग्नानंतर कुणी त्या नावानं हाकच मारली नव्हती. मला त्या हसण्याचा तेव्हा राग यायचा. स्वराज्य दारात येऊन उभं आहे आणि ह्यांना खिदळायला सुचतं, असं वाटायचं. पुढे नवऱ्याचं नाव विचारलं की खरी गंमत. कुणी पोराला हाक मारून त्याच्या तोंडून वदवायची, कुणी तिथल्या तिथे उखाणा रचायची. एकीच्या नवऱ्याचं नाव आठवड्यातल्या एका वारावरून होतं; त्या वाराला ती जन्मभर 'बाजारचा दुसरा दिस' म्हणत आली होती. अशा रीतीनं गावच्या बायका एकेक करून यादीत आल्या. आमचं घर मात्र मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं.

कारण होत्या आक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे मालक, माझे थोरले दीर, लढाईच्या दिवसांत साताऱ्याला भरती झाले आणि ब्रह्मदेशात गेले. त्यांना मी पाहिलं नाही, ऐकलं तेवढंच. बांधाच्या भांडणात सख्ख्या चुलत्याच्या विरुद्ध खरी साक्ष देऊन आलेला माणूस, असं गावात त्यांच्याबद्दल बोलत. चुलता पुढे वर्षभर आमच्या घरी पाणी प्यायला नव्हता. लढाई संपता संपता 'बेपत्ता' असा कागद आला. मग पलटणीतला एक गडी परत आला. तो मामंजींशी मळ्यात तासभर बोलला आणि आक्कांनी पुढे केलेला चहा न घेताच निघून गेला. आक्कांनी काय ओळखायचं ते ओळखलं असणार. पण घरात कुणी ते तोंडानं म्हटलं नाही, आणि आक्कांचं कुंकू, मंगळसूत्र होतं तसं राहिलं.

धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, बेचाळीस साली तुरुंगात गेले होते. स्वराज्याच्या पहिल्या दिवशी गावानं त्यांना चावडीपुढे खुर्चीवर बसवलं, हार घातला. आक्कांनी ताट घेऊन ओवाळलं. भाषणं झाली, बलिदान हा शब्द मी त्या दिवशी दहा वेळा तरी ऐकला, पण थोरल्याचं नाव कुणी काढलं नाही. ते गोऱ्यांच्या पलटणीत होते ना. मी नव्या लुगड्यात नवऱ्याकडे बघत फुलून गेले होते. शेजारी उभ्या असलेल्या आक्कांच्या हातातलं ओवाळून झालेलं ताट किती वेळ तसंच धरलेलं आहे, हे मला दिसलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

शेवटच्या दिवशी मी सोप्यात कागद घेऊन बसले. मामंजी, हे आणि मी, अशी नावं लिहिली आणि थांबले. आक्का जोंधळे निवडत होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मोजता येत होतं. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तीनच वळी हायती. घरात मानसं किती?"

त्यांच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहायचं होतं. नवरा हयात असेल तर त्याची स्वतःची ओळ आली, म्हणजे घराच्या ओळी पाच. नसेल तर त्यांच्या ओळीत त्याच्या नावाआधी 'कै.' आलं, म्हणजे ओळी चार. मला आडवळणानं बोलणं कधी जमलं नाही. मी अडखळत सगळं सांगून टाकलं. आक्का ऐकून घेऊन पुन्हा सुपाकडे वळल्या. परवा सांगते, एवढंच म्हणाल्या.

ते दोन दिवस घर नुसतं दबकून होतं. आमचे हे म्हणाले, लिहून टाक पाच, कुणाचं काय जातंय. खऱ्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस, पण वहिनीच्या डोळ्यांपुढे त्याचंही खरं पातळ झालं. मामंजींना तर पाचच हव्या होत्या. ते तसं बोलले नाहीत, पण थोरला पोहण्यात किती पटाईत होता, केवढ्याही पुरातून कसा बाहेर यायचा, हे त्यांनी दोन दिवसांत मला तीनदा सांगितलं. गुरुजींना विचारलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "लिहाल तसं होईल, बाई. पण जो माणूस येणारच नाही, त्याच्या नावावर दुसरं कुणीतरी मत टाकून जाईल. तेवढं ध्यानात घ्या."

हे आक्कांना सांगावं की नाही, मला कळेना. न सांगता पाचवी ओळ लिहिणं माझ्याच हातात होतं, आणि खोटं कशाला बोलू, एकदा टाक मी उचललाही होता. पण इतक्या दारांत जाऊन, तुमचं नाव तुम्हीच सांगा, म्हणणारी मी. आक्कांच्या वतीनं मीच ठरवलं, तर त्या दाराआडच्या बायकांना काय तोंड दाखवणार होते? तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचं म्हणणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

आक्कांनी हातातलं पोतेरं बाजूला ठेवलं. "म्हंजी त्येंच्या नावानं खोटं मत पडंल."

"पडू शकतं, आक्का."

"न्हाई. त्येंनी जल्मात खोटी साक्ष दिली न्हाई." मग हात पुसून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "लिव."

आधी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. आणि मग मालकांचं नाव घेतलं. सरळ. उखाणा नाही, पोराला हाक नाही. नाव, बापाचं नाव, आडनाव, एकापुढे एक. त्या घरात मी ते नाव आक्कांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकताच कळलं की आयुष्य कमी होईल अशी भीती ज्याच्यासाठी बाळगायची, तो माणूस आता नाही.

"मेलेल्या मानसाच्या नावाम्होरं काय लिवत्यात, ते लिव," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. ओसरीवर मामंजींनी ते नाव ऐकलं होतं. ते उठून आत आले, खांबाला धरून उभे राहिले आणि मुंडासं काढून हातात घेतलं. आक्का त्यांच्यासमोर कधी मोकळ्या रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या. मीही रडले. चार वर्षं अडवून धरलेलं ते रडणं घरानं एकदाच रडून घेतलं.

कुंकवाचं काय, असं भावकीतल्या बायका विचारायला आल्याच. मामंजींनी त्यांना दारातच सांगितलं, तिचं ती बघंल. आक्कांनी कुंकू लावणं सोडलं नाही, आणि त्यावर कुणी काही म्हटलेलं मला खपत नसे.

यादी पक्की करण्याआधी गुरुजींनी ती चावडीत मोठ्यानं वाचली. मी बायकांच्या बाजूला बसले होते. आक्का आल्या नव्हत्या. आमचं घर आलं, आक्कांचं नाव आलं, मागोमाग 'कैलासवासी' आणि थोरल्याचं नाव. गुरुजी तिथे किंचित थांबले. खुर्ची आणि हाराच्या दिवशी जे गाव गप्प बसलं होतं, त्या गावातले गडी एकेक करून उठून उभे राहिले. वैर धरलेला चुलता त्यांत होता. मी घरी पळत आले आणि आक्कांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नाव नीट वाचलं का?" नीट वाचलं, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि भाकरी उलटली.

मत द्यायचा दिवस त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आला. तोवर आक्कांनी मला सुखानं बसू दिलं नाही. उमेदवारांचे कागद येतील ते वाचून दाखवायला लावायच्या, न पटलं तर परत वाच म्हणायच्या. कोण उन्हाळ्यात विहिरींसाठी धावला आणि कोण नुसता हार घ्यायला येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. आमचे हे गमतीनं म्हणाले, वहिनी, सांगू का कुणाला द्यायचं? तर म्हणाल्या, भावजी, तुमचं तुमी बघा.

मत देऊन परतताना शेतांमधल्या पांदीत मी त्यांना हळूच विचारलं, कुणाला दिलं? त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "ते न्हाई सांगायची. मत एकच व्हतं, धाकटे. इचार मातर दोघांचा क्येला."