उतरती सीट

गादीवाला मुळातच भित्रा माणूस. झुरळ बघून खुर्चीवर चढणाऱ्यांतला नव्हे बरं का. त्याची भीती कष्टाळू होती, दिवसभर राबायची. घरातून निघताना गॅस बंद केला का हे बघायची, अर्धा जिना उतरल्यावर पुन्हा वर पाठवायची, आणि गॅस बंदच असला तरी समाधान म्हणून होऊ द्यायची नाही.

गादीवाला म्हणत असले तरी तो गाद्या शिवायचा नाही, मोटारसायकलींच्या सीट शिवायचा. दुकान एका शटरचं. भिंतीला टेकवलेल्या फोमच्या लाद्या, रेक्झिनचे गुंडाळे, मधोमध शिवणयंत्र, आणि फोम कापायची लांब पात्याची सुरी. शेजारी मिस्त्रीचं गॅरेज. आपटलेली गाडी आली की मिस्त्री इंजिन खोलायला घ्यायचा आणि सीट इकडे पाठवायचा. गादीवाल्याच्या भीतीचं मूळ तिथंच होतं. फाटलेलं कव्हर हातात आलं की त्याला न विचारता सगळं कळायचं. डावी बाजू घासलेली, म्हणजे वळणावर घसरला. मागचं टोक उसवलेलं, म्हणजे मागून कुणीतरी ठोकलं. टाकीच्या कडेला रेक्झिन ताणून चकचकीत झालेलं, म्हणजे ब्रेक दाबला आणि बसणारा पुढे सरकला. त्या माणसाचं नंतर काय झालं हे तो विचारत नसे. मिस्त्री सांगायला लागला की हा यंत्र सुरू करायचा.

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना सीट शिवल्या, पण स्वतः मात्र सायकलवर. तीही इतकी कडेकडेने, की पायी चालणारे त्याला मागे टाकून जायचे.

त्याची बायको याच्या अगदी उलट. ती एका प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्त घ्यायची. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं सकाळपासून उपाशीपोटी तिची वाट बघत बसायची, आणि ही बसची. वस्तीत तिला सुईवाल्या बाई म्हणत. "घरात दोनच माणसं, आणि दोघांच्याही हातात सुई," मिस्त्री हसायचा, "तुमच्या घरी भांडण झालं तर मध्ये कोण पडणार?" भांडण फारसं व्हायचं नाही. नवऱ्याच्या कामाचा तिला भारी अभिमान. गिऱ्हाइकं सीट घेताना ती मुठीने दाबून बघत, शिवण ओढून बघत, तेव्हा ती दुकानात असली तर हसून म्हणायची, "यांच्या हातचं काय तपासायचं?"

एका संध्याकाळी चहा पिता पिता तिने सांगितलं, "अहो, मी गाडी घेतेय."

"स्कूटर ना?" याने कप खाली ठेवला.

"मोटारसायकल. स्पोर्ट. बारकी असते ना, पुढे वाकून बसायची, ती."

गादीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, तुझं वय काय!"

"म्हणूनच तर. अजून दहा वर्षांनी घेतली तर तुम्ही काय म्हणाल?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "शिकवणीच्या गाडीवर शिकलेय मी. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही जेवला नसता. गाडी नीट वळली ना, की असं वाटतं, हे मी केलं. दुसरं काय मागितलंय मी आजवर?"

खरंच तिने काही मागितलं नव्हतं. गादीवाल्याने मान डोलावली आणि रात्रभर छताकडे बघत पडला.

त्याची सारी आशा आता शोरूमवर होती. तिथे गेल्यावर काहीतरी खोट काढू आणि हिला स्कूटरकडे वळवू, असा त्याचा बेत. सोबत मिस्त्रीला घेतला, तोही त्याच आशेने. पण मिस्त्री पडला गाडीवेडा.

"वहिनी, नव्या माणसाने वेग बघायचा नाही, वजन बघायचं," शोरूमच्या दारातच त्याने सुरुवात केली. "नवशिक्याची गाडी धावताना नाही पडत, उभी असताना पडते. सिग्नलला, नाहीतर चढावर. तेव्हा पाय टेकले पाहिजेत आणि गाडी पेलली पाहिजे."

विक्रेत्याने आधी मोठी दाखवली, लालभडक. ती चढून बसली. एका पायाचा जेमतेम अंगठा जमिनीला लागत होता. "सवय होते मॅडम," विक्रेता म्हणाला. पण ती स्वतःच उतरली. "सवय व्हायच्या आधी मी पडेन," ती म्हणाली. दुसरीचं हँडल इतकं खाली, की मान वर करूनच रस्ता दिसेल. तीही तिने नाकारली. तिसरी सगळ्यांत लहान, निळी. हँडल जरा वर, क्लच हलका, आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरणार नाही अशी सोय. तिने ती दोन्ही हातांनी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, ढकलत मागे नेली, परत आणली. चवडे दोन्ही बाजूंना टेकले, टाचा तेवढ्या अधांतरी राहिल्या.

"हीच," ती म्हणाली.

"वहिनींनी माझ्यापेक्षा चांगली निवडली," मिस्त्रीने हात जोडले.

गादीवाला खोट शोधत गाडीभोवती फिरला, पुन्हा फिरला. एकही सापडली नाही. याचीच त्याला जास्त भीती वाटली. चुकीची गाडी असती तर भांडता आलं असतं.

"टाचा टेकत नाहीत," शेवटी तो म्हणाला.

"मग तुम्ही कशाला आहात?" ती खुशीत म्हणाली. "बोटभर सीट खाली करा. माझी सीट तुमच्याच हातची हवी."

झालं! सीट दुकानात आली. गादीवाल्याने शटर अर्धं ओढलं, कव्हर सोडवलं आणि सुरी हातात घेतली. बोटभर फोम सगळीकडून सारखा काढायचा, इतकंच काम. डोळे मिटून केलं असतं त्याने. पण सुरी टेकवली आणि आजवर हातांखालून गेलेली सगळी फाटकी कव्हरं त्याला आठवली. सुरी त्याने पुन्हा खाली ठेवली. आणि मग त्याला एक आठवण झाली. सीट बिघडली म्हणून गाडी नुसतीच उभी करून ठेवलेली कितीतरी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती. पुढे उतार झाला की बसणारा टाकीवर सरकतो, सगळा भार मनगटांवर येतो, आणि थोड्याच दिवसांत माणूस गाडीला कंटाळतो. कंटाळली की विकेल. कुणाचं वाईट होणार नाही.

त्याने मागून कमी काढलं आणि पुढून जास्त. वरून नव्या रेक्झिनची अशी सफाईदार घडी बसवली, की मिस्त्रीच्याही ध्यानात आलं नाही. तिच्या टाचा टेकल्या. तिने सीटवर हात फिरवून बघितलाही नाही. बसली आणि निघाली.

तिने कंटाळायला हवं होतं. ती कुठली कंटाळतेय! रोज घरी येऊन हसत सांगायची, आज पूल ओलांडला, आज चढावर थांबून निघाले. पण जेवताना घास तोंडाशी नेताना तिचा हात थरथरायचा. "सवय होईल," ती म्हणायची. संध्याकाळी गादीवाला गरम पाण्याच्या पिशवीने तिची मनगटं शेकायचा, आणि मनात म्हणायचा, आता कंटाळेल, उद्या कंटाळेल. तिला यायला जरा उशीर झाला की जिन्यात उभा राहायचा, जीव टांगणीला लावून. दोन्हीकडून स्वतःच भाजून निघत होता बिचारा. बिचारा कसला म्हणा, स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं.

एक दिवस ती आली ती न हसता. पिशवी ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिली.

"ते आजोबा आहेत ना, खिडकीशी पडून असतात ते," ती म्हणाली. "आज मला त्यांची शीर मिळेना. तीनदा टोचलं. आजोबा काही बोलले नाहीत हो, पण डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. इतक्या वर्षांत माझा हात कधी हलला नव्हता. म्हातारी झाले का मी?"

गादीवाल्याने सांगायला तोंड उघडलं, आणि न सांगताच शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरायला उठला. उद्या गुपचूप फोम बदलू, असं ठरवलं. सकाळी त्याला जाग यायच्या आत ती निघून गेली होती.

दुपारी मिस्त्री दुकानात आला तो सीट काखेत मारून. निळ्या गाडीची. गादीवाला यंत्रावरून उठून उभा राहिला.

"घाबरू नका, वहिनी ठीक आहेत," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "कोपर सोललंय, गुडघ्याला मार आहे. दवाखान्यातून घरी सोडून आलो मी. गल्लीतून मूल पळत आलं, ब्रेक दाबला. मूल वाचलं. गाडी बिचारी थांबत होती हो, पण वहिनींना हँडल वळवता आलं नाही. हात ताठले म्हणाल्या. कसं काय कोण जाणे."

गादीवाल्याने सीट मांडीवर घेतली. डाव्या कडेला थोडं घासलं होतं. आणि पुढे, टाकीच्या कडेला, नवंकोरं रेक्झिन ताणून चकचकीत झालं होतं. या खेपेला यंत्र सुरू करून भागणार नव्हतं. किती पुढे सरकली आणि कशामुळे, हे त्याच्या मांडीवर पडलं होतं, आणि ते त्याच्याच हातचं होतं.

घरी ती उशीला टेकून बसली होती, कोपराला पट्टी.

"तुम्ही म्हणत होतात तेच खरं," त्याला बघताच ती म्हणाली. "नाही जमत मला. विकून टाकू गाडी. आणि कामाचंही बघते मी, हात असा हलायला लागला तर कुणाला टोचणार?"

घ्या! त्याला हवं होतं ते मिळालं होतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. आता ती बसने जाणार, जिन्यात उभं राहायला नको, छताकडे बघायला नको. गादीवाला दारातच उभा राहिला. आजवर तो पुष्कळ घाबरला होता, पण बायकोला घाबरायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"सीट मी बिघडवली," तो म्हणाला. "पुढे उतार दिला. मुद्दाम. तुला त्रास व्हावा म्हणून. तू गाडी सोडावीस म्हणून."

तिने आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे, सुलटे.

"म्हणजे माझे हात ठीक आहेत?"

"ठीक आहेत. तुझं काही चुकलं नाही."

"त्या आजोबांना मी तीनदा टोचलं," ती हळू म्हणाली. "आणि तुम्ही बसून मला शेक देत होतात."

"मला भीती वाटत होती गं."

"मग तसं म्हणायचं होतं! मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते. तरीपण घेतली असती आणि जपून चालवली असती." ती उशी सोडून ताठ बसली. "त्या मुलाला काही झालं असतं तर?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला, तिने त्याला जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

गाडी तिने विकली नाही. कोपर बरं झाल्यावर एका सकाळी ती दुकानात आली, हेल्मेट हातात. मिस्त्रीने गाडी नीट करून बाहेर स्टँडवर सरळ उभी केली होती. गादीवाल्याने नवा फोम घातला होता, बोटभर खाली, सगळीकडून सारखा. तीनदा मोजून कापला होता.

"बसून बघ," तो म्हणाला.

ती बसली नाही. तिने मूठ करून सीट पुढून दाबली, मागून दाबली. शिवण ओढून बघितली. मग पाठीवरच्या पिशवीतून रक्त भरायची रिकामी नळी काढली आणि सीटवर आडवी ठेवली, दुसऱ्या हाताने हेल्मेट धरून ती पुढे घरंगळते का हे बघत उभी राहिली. गादीवाला नळीकडे बघत होता. यंत्रावरचा हात त्याला उचलवेना.

नळी जागची हलली नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि नळी उचलून पिशवीत ठेवली.