निम्म्या तिकिटातली दाढ

कळंबहून धाराशिवला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. पन्नाशीची असेल. साडी लग्नाला नेसावी तशी होती. बायकांचं निम्मं तिकीट घेऊन तिनं ते पदराच्या टोकाला घट्ट बांधलं.

"कुठं निघालात, मावशी?" मी विचारलं.

"दाताच्या डाक्टरकडं. मालकाची दाढ लई ठणकायली."

"आणि मालक?"

"ते घरी. त्येंला पुरं तिकीट लागतं. मला निम्म्यात जमतंय."

ती हे अगदी गंभीरपणे सांगत होती. येडशीच्या अलीकडं तिला दाढ नेमकी कुठली याचीच शंका आली. तिनं लगेच मोबाइलवर घरी व्हिडिओ कॉल लावला.

"आ करा मोठ्ठा!"

पडद्यावर एका माणसाचं उघडं तोंड दिसलं. मागच्या सीटवरचे दोघं वाकून बघू लागले. कंडक्टरही थांबला, न्याहाळून म्हणाला, "काढावीच लागंल." तोंड ताबडतोब मिटलं.

"मावशी, डॉक्टर त्यांनाच घेऊन या म्हणतील," मी म्हणालो.

"म्हणू द्या की."

रामलिंगची झाडी सुरू झाली, तशी ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्या कुठं चला म्हणलं, की हे म्हणायचे, दोन तिकिटं कशाला, मी एकटाच जाऊन येतो. लगीन झाल्यापासून ऐकलं. आता म्या बी तेच म्हंते."

धाराशिवला उतरताना तिनं दवाखाना कधी बंद होतो ते विचारलं. संध्याकाळी, मी सांगितलं.

"मंग आधी गाव बघते," म्हणत ती बाजाराकडं वळली.