गोदाबाईचं नाव मी घालवलं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. लेकापाशी नाही, सुनेपाशी नाही, मोंढ्यातल्या जुन्या जोडीदारांपाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं लिहायला बसलो. मी तिसरी शिकलेला माणूस. मराठी वाचतो, लिहितो — हळूहळू, पण लिहितो. इंग्रजी येत नाही. बघा, एवढं एक वाक्य घरात बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सारी उमर मापाडी होतो. पोतं काट्यावर चढायचं, मी वजन पुकारायचो, आणि शेतकरी अन् आडत्या दोघंही मान हलवायचे. माझी जबान कुणी दुसऱ्यांदा तपासली नाही. त्याची एक गुर्मी चढते माणसाला. माझी अजून उतरलेली नाही.

माझी बायको गोदाबाई. तिच्या हातचं येसर — ते आमटीत कालवायचं भाजलेलं पीठ — साऱ्या गल्लीत नावाजलेलं. ती गेल्यावर सुनेनं, मीरानं, ते काम उचललं. आधी गल्ली, मग लातूर, मग पुण्याला गेलेली आपली माणसं मागवायला लागली. मीरा म्हणाली, वेबसाईट पाहिजे. ती करून द्यायला प्रज्ञा यायला लागली. भीमनगरातली, तिशीतली बाई. नांदेडला शिकून गावात स्वतःचं काम सुरू केलेलं, आणि आम्ही तिचं पहिलंच मोठं गिऱ्हाईक.

ओसरीवर बसून तिनं समजावलं. आधी नाव घ्यायचं, ती दुकानाची पाटी. मग जागा घ्यायची, तो गाळा. मग फोटो, भाव, पत्ता तिथं मांडायचा. नाव गोदाबाईचंच ठरलं. पण ते घ्यायचं कुणाच्या नावानं? माझ्या, मी म्हणालो. जमीन, घर, नळ, गॅस, सगळं माझ्या नावावर, मग हे का नको?

"काका, मीराताईंच्या नावानं घ्या," प्रज्ञा म्हणाली. "मेल इंग्रजीत येतात, त्या वाचतील."

"आन् मला येत न्हाई व्हय वाचायला?"

मीरानं पदर सारखा केला. नाव माझ्या नावानं घेतलं, मेलचं खातंही माझ्याच मोबाईलवर उघडलं.

जाताना ती म्हणाली, नाव एका वर्षापुरतं असतं, मुदत संपायच्या आत पुन्हा घ्यावं लागतं. मला हसूच आलं. "सातबाऱ्याला लागलेलं नाव दरसाली पुसतंय का गं?" मला खरंच तसं वाटत होतं. बायकोचं नाव, नवऱ्याच्या नावावर — ते कोण नेणार?

वर्ष चांगलं गेलं. चहाच्या हॉटेलात मी लोकांना वेबसाईट समजावून सांगायला लागलो. पाटी काय, गाळा काय. शब्द तिचे, तोंड माझं.

मग तिचा फोन आला. काका, मुदत संपत आलीय, मेल आला असंल, त्यातलं बटन दाबा. बघतो म्हणालो. मोबाईल उघडला, तर सगळी इंग्रजी अक्षरं, मुंग्याच मुंग्या. मीरा आत डाळ भाजून राहिली होती. चार पावलं होती. गेलो नाही. आठ दिवसांनी पुन्हा फोन. बघून राहिलो, म्हणालो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, मी घरीच येते, दोन मिनिटांचं काम हाय."

आणि मी म्हणालो, "येऊ नको. केलं मी ते."

का म्हणालो? ती आली असती, मोबाईल हातात घेतला असता, आणि मीरासमोर कळलं असतं की म्हाताऱ्याला यातलं अक्षर कळत नाही. एवढंच. एवढ्याशासाठी.

नाव सुटलं. कुणीतरी परक्यानं उचललं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं मीराला कळवलं — गोदाबाईच्या नावावर बोट ठेवलं की पत्त्यांचा जुगार उघडतो. माझ्या बायकोच्या नावावर! मीरा पिठाच्या हातानं तशीच खाली बसली. "मामा, प्रज्ञानं तुम्हाला सांगितलं न्हवतं का?"

"तिचा फोनच आला न्हाई मला."

जीभ अडखळली नाही. वजन पुकारावं तसं बोललो.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी आली. पीठ भाजायला येणाऱ्या चार बायका बसलेल्या होत्या, त्यांच्यादेखत तिनं विचारलं, "काका, मी तीनदा फोन केला का न्हाई, तेवढं फक्त सांगा." मोबाईल माझ्या कोपरीच्या खिशात होता. मी त्यावर हात ठेवला. तिनं तो हात बघितला. "आठवत न्हाई बाई," मी म्हणालो. तिला मोबाईल मागता आला असता. मागितला नाही. एक बाई म्हणाली, "ह्यांच्याकडं काम दिलं की असंच."

ह्यांच्याकडं — म्हणजे कुणाकडं, हे तुम्हाला कळलं असेल. मलाही कळलं. खरं सांगू? मला ते आधीपासून ठाऊक होतं. दोष भीमनगरातल्या बाईवर टाकला तर कुणी पुरावा मागणार नाही, हे मला बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

गावातली तिची कामं तुटली. ती नांदेडला गेली. मीरानं दुसरं नाव घेतलं, आणि म्हणाली, "ह्या वेळी पण तुमच्याच नावानं, मामा. तुमच्यावाणी जपणारं कोण हाय?" नाही म्हणायला तोंड होतं का मला? आता मोबाईल नुसता वाजला तरी मुदतीचाच मेल असंल म्हणून उघडून बघतो, तर पुन्हा मुंग्याच. विचारावं कुणाला?

मागच्या मंगळवारी निलंग्याच्या बचत गटाच्या तिघी आल्या. त्यांनाही वेबसाईट करायची होती. म्हणाल्या, नांदेडची एक प्रज्ञा म्हणून हाय, तुमच्याच गावची, करून देते म्हणाली. कशी हाय हो?

मीरा दारात उभी होती. मोठ्या विश्वासानं माझ्याकडं बघत.

मी म्हणालो, "आमचं काय झालं, ते तुम्ही ऐकलंच असल."

त्यांनी तिचा नंबर लिहिलेला कागद दोनदा घडी घालून पिशवीत टाकला. मी त्यांना चहा घेऊन जायचा आग्रह केला.