सौंसरची झणझणीत प्लेट

हे सगळं असंच घडलं का, याची खात्री मला देता येणार नाही. त्या भोजनालयातली बाकं मला निळी आठवतात. माझे मित्र वामनराव म्हणतात, बाकं नव्हतीच, खुर्च्या होत्या. आयुष्यभर विद्यार्थ्यांना "निरीक्षण लगेच लिहून ठेवा" असं बजावलं आणि स्वतः एक ओळ लिहिली नाही. पण एकाच माणसाबरोबर एकाच ठिकाणी सहा-सात वर्षं दर रविवारी जेवलं, की किस्से आपोआप साठत जातात. त्यातले जे पक्के वाटतात तेवढेच सांगतो.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पुण्याकडचा, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकवायला आलेला. वामनराव सौंसरचे पटवारी, म्हणजे आमच्याकडचे तलाठी. एका रविवारी मी सौंसरचा बाजार बघायला निघालो, तेव्हा ओळख बसमध्ये झाली. त्यांच्या हातातली नकाशाची गुंडाळी माझ्या बरगडीत घुसली.

"लागलं का जी?" ते म्हणाले. "घाबरू नका. नकाशा लागला म्हणून जमीन तुमच्या नावानं होत नाई!"

सौंसर येईपर्यंत त्यांनी माझं गाव, पगार आणि लग्न, तिन्हींची चौकशी संपवली होती. उतरल्यावर म्हणाले, "जेवले का? नाई ना? चाला मंग."

बसस्टँडजवळ गिरजाबाईंचं भोजनालय होतं. बाहेर बोर्डावर आठ पदार्थ. मी सवयीप्रमाणे सगळे दोनदा वाचले, मनात तुलना केली आणि शेवटी वांग्याचं भरीत मागितलं.

"बोर्ड कायले वाचता सर?" वामनराव म्हणाले. "तो पेंटरनं लिवला, गिरजाकाकूनं नाई! इथं एकच गोष्ट भेटते. पाटोडी-रस्सा आन् भाकर."

पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या. त्या तरंगत होत्या लालभडक तर्रीत. आमच्या घरी आमटीत गूळ पडत असे. मिरची कशामुळे जाळते, त्या रेणूची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढली असती. इथे पहिल्या घासाला डोळे आपोआप मिटले!

"काय झालं सर, रडून राहिले?"

"नाही, घरची आठवण झाली," मी म्हणालो.

"आमच्याकडं लेकराले घुटीतच तर्री देतात!" वामनरावांनी शांतपणे पुढची भाकर मोडली.

तुम्ही हसाल, पण मी त्या आठवड्यात नीट झोपलो नाही. परक्या मुलखात मिळालेला हा एकुलता एक मित्र. ह्याला जर कळलं की मला इथलं जेवण झेपत नाही, तर मी कायमचा पाहुणा ठरणार. पाहुण्याला एकदा जेवायला नेतात, दर रविवारी नाही!

म्हणून पुढच्या रविवारी मी एक बस आधीची पकडली आणि थेट गिरजाबाईंच्या चुलीपाशी गेलो. म्हटलं, "बाई, माझा रस्सा जरा कमी तिखट होईल का? वामनरावांना न कळता."

बाईंनी मान वर केली नाही. "होऊन जाईल जी."

"पण रंग लाल दिसायला हवा."

"रंगाची मिरची येगळी राह्यते मास्तर. तुमी बसा."

"आणि कुणाला सांगू..."

"माह्याकडं कोन काय खाते, ते मी कोनाले सांगत नाई!"

त्यांना जराही नवल वाटलं नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. वामनराव म्हणाले, "वा सर! जमून राहिलं!"

एकदा आमचे प्राचार्य आले. मूळचे इंदूरकडचे. "डॉक्टरसाहेब काय खातात ते आपणही खाऊ," म्हणाले. गिरजाबाईंनी त्यांना खरी प्लेट वाढली. पहिल्या घासानंतर प्राचार्य पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत. मीटिंगमध्ये हे कधी घडलं नव्हतं!

सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांनी जाहीर केलं, "हा माणूस दिसतो किडकिडीत, पण आतून लोखंड आहे, लोखंड!"

मी मान खाली घालून चहा प्यायलो. लोक त्याला विनय समजले.

मग तो घोटाळ्याचा रविवार. मी हात धुवून आलो तर वामनराव माझ्या जागेवर बसून माझ्या प्लेटीतून जेवत होते! त्यांच्या बाजूला ऊन आलं होतं, एवढंच कारण. मी उभाच राहिलो. संपलं, म्हटलं. आता हे विचारणार, सर, हे काय गुळवणी पिऊन राहिले?

वामनरावांनी रस्सा भुरकला. कपाळ पुसलं. नाक पुसलं. "बाप्पा! आज काकूनं जीव घेतला न जी!"

माझी लाज राखली म्हणायचं! मी कृतज्ञतेनं त्यांच्या प्लेटीसमोर बसलो, मनाची तयारी केली आणि घास घेतला. काहीच झालं नाही! दुसरा घेतला. तरी काही नाही. अस्सल सौंसरचा रस्सा आणि माझ्या डोळ्यांत थेंब नाही! म्हणजे जीभ तयार झाली होती. मी इथला झालो होतो. परतीच्या बसमध्ये मी चक्क गुणगुणत होतो.

त्याच भरात बोरगावला वामनरावांच्या भाच्याच्या लग्नात मी पंगतीत बसलो आणि रस्सा दोनदा वाढून घेतला. आधी चव घ्यायला हवी होती. प्रयोगाचा पहिला नियम!

उचकी लागली ती थांबेना. सगळी पंगत बघायला लागली. शेजारी वामनराव नुसता दहीभात खात होते. "घरचं कार्य आहे सर, मामानं सपाटून जेवलं तं बरं दिसत नाई," असं मला आधीच सांगून बसलेले. ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "आचारी कुठचा आणला बे? सरले काकूच्या हातची सवय! हे फिकं जेवण त्यायले बाधून राहिलं!"

आचारी बिचारा हात जोडून आला. त्यानं माझ्या वाटीत आणखी तर्री ओतली.

माझी बदली झाली, पुढे निवृत्ती, पुढे चष्म्याचे नंबर. बऱ्याच वर्षांनी पुन्हा सौंसरला गेलो. स्टँडवर वामनराव घ्यायला आले होते, काठी टेकत. भोजनालय आता गिरजाबाईंची सून चालवते. बाई दाराशी खुर्चीत बसून असतात. बोर्ड नवा होता, पदार्थ बारा.

"सूनबाई!" वामनराव दारातूनच ओरडले. "दोन प्लेट! सरले झणझणीत लागते, ध्यानात ठेव!" आणि ते बाहेर नळावर हात धुवायला गेले.

ही संधी साधून मी बाईंजवळ वाकलो. इतकी वर्षं मनात राहिलेलं बोलून टाकलं. "बाई, तेव्हा माझ्या एकट्यासाठी फिक्या रश्श्याचा वेगळा गंज चुलीवर चढवायचात दर रविवारी. फार त्रास दिला मी तुम्हाला."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग नळाकडे पाहिलं.

"तुमच्यासाठी कोनं चढवला जी? तो वामनभाऊचा गंज. तुमी सौंसरले आले, त्याच्या तीन वर्सं आधीपासून चढत होता. तुमी आले, तं मी त्यात एक पेला पानी वाढवलं."